मागपेठेची अर्धी दवंडी

सकाळी आठ वाजता मामलेदार कचेरीच्या अंगणात सटवाजी हलगी शेकत बसला होता आणि मेजर हॅलम त्याच्याकडे संशयाने बघत होते. ज्या दिवशी मार्शल लॉ उठायचा, त्याच दिवशी एक माणूस सरकारी अंगणात जाळ करून बसतो, हे साहेबांच्या पचनी पडत नव्हतं. कातडं तापल्याशिवाय ताणत नाही आणि ताणल्याशिवाय वाजत नाही, हे मी त्यांना इंग्रजीत समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि किती वेळ लागेल एवढंच विचारलं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. नरहर बोकील, भाषांतरकार कारकून. इंग्रजी हुकमाचं मराठी करायचं आणि दवंडीवाल्याबरोबर चौकाचौकांत हिंडायचं, हे माझं काम. दवंडीवाल्याला वाचता येत नसे. मी त्याच्याशेजारी उभा राहून हळू आवाजात एक तुकडा वाचायचा, तो त्याने गावाला ओरडून सांगायचा, मग पुढचा तुकडा. सगळं संपलं की हलगीवर तीन थापा. त्या पडल्या की दवंडी पुरी झाली. त्या पडेपर्यंत कोणी जागचं हलत नसे, आणि त्या पडल्या नाहीत तर दवंडी झालीच नाही असं आमच्याकडे धरत.

चळवळीच्या त्या उन्हाळ्यात आमच्या गिरण्यांच्या गावात गोळीबार झाला, चौक्या जळाल्या आणि सरकारने गाव लष्कराच्या हाती दिलं. सात आठवडे आम्ही मेजर हॅलम यांच्या हुकमात होतो. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर दिसेल त्याला गोळी. झेंडा लावेल त्याला सक्तमजुरी. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हता. प्रत्येक कागद दोनदा वाचायचा आणि कागदात असेल तेच करायचा, त्यात दया नाही की द्वेष नाही. अशा माणसाची मला जास्त भीती वाटते, अजूनही.

हे उठवायला आमच्या गावचे वकील, हुद्देदार आडनावाचे, चार वेळा मुंबईला जाऊन आले. सेक्रेटरींच्या कचेरीबाहेर बाकावर बसून बसून त्यांचं कोट-उपरणं चुरगळलं, पण चौथ्या खेपेला तोडगा घेऊनच ते उतरले. तोडगा असा, की मार्शल लॉ जसा लागू झाला तसाच उठेल. पाच चौकांत दवंडी पिटून लागला, त्याच पाच चौकांत पिटून उठेल. पाचवी दवंडी पुरी होताच सरकारचा वटहुकूम चालू होईल, आणि लष्कराने सात आठवड्यांत केलेलं सगळं कायदेशीर धरलं जाईल. मग कोणत्याही कोर्टात त्याविरुद्ध दाद नाही. ज्याला हरकत घ्यायची असेल त्याने पाचव्या दवंडीच्या आत मेजरसाहेबांकडे घ्यावी.

हुद्देदारांनी अकरा कैद्यांच्या हरकती दिल्या. त्यांतली एक लिंगय्या बोद्दूलची होती. हा मागपेठेतला विणकर. मार्शल लॉ लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पेठेतल्या कडुलिंबावर झेंडा बांधला, म्हणून सात वर्षं सक्तमजुरी. आमच्या पेठेत दवंडी पुरी झालीच नव्हती, असं तो कोर्टात एकसारखं सांगत होता. साहेबांनी त्याच्यापुढे तामिलीचा, म्हणजे हुकूम बजावल्याचा, कागद धरला. त्यावर पाच चौकांची नावं होती, माझी सही होती आणि येसबा दवंडीवाल्याचा अंगठा होता. लिंगय्याला वाचता येत नव्हतं, पण अंगठा त्यालाही कळला. हुद्देदारांची हरकतही त्याच कागदावर आपटून परत आली.

येसबा त्याच संध्याकाळी वारला होता. मागपेठेतली दवंडी आटोपून परतताना पहाऱ्यावरच्या नव्या शिपायाने चुकून गोळी घातली, असं कागदोपत्री होतं. म्हणून आज शेजारच्या गावाहून सटवाजीला आणावं लागलं होतं.

पहिले चार चौक सुरळीत झाले. लोक सात आठवडे कोंडलेले, थाप पडताच धावत बाहेर येत. मी तुकडा वाचायचो, सटवाजी खणखणीत आवाजात सांगायचा. "आजपासून लष्करी अंमल उठला" म्हटल्यावर बाया दारातच रडायला लागत. एकाने मेजरसाहेबांच्या हातात पेढा ठेवला. त्यांनी तो बराच वेळ तसाच धरून ठेवला, खावा की नोंदवावा हे त्यांना कळेना. हुद्देदार मला म्हणाले की बोकील, आयुष्यात एवढं पुण्याचं काम पुन्हा तुमच्या वाट्याला येणार नाही. मी हसलो. पण पुढचा चौक मागपेठ होता.

मागपेठेबद्दल गावात कुजबुज होती. तिन्हीसांजेला, सातच्या आधी पाच-दहा मिनिटं, तिथे हलगी वाजते. मग "ऐका हो ऐका" अशी हाक येते. दवंडी सुरू होते, "संध्याकाळी सात वाजल्यानंतर जो कोणी इसम" इथवर येते आणि तुटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, तेवढीच. आम्ही शिकलेली माणसं हसलो. पण पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांनी दोनदा मोकळ्या चौकात गोळ्या झाडल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी तिथला पहारा निमूटपणे पुढच्या नाक्यावर नेला. त्याचं कारण मात्र त्यांनी कुठे लिहिलं नाही. त्या साहेबाने न लिहिलेली ती एकच गोष्ट.

आम्ही पेठेत शिरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. ऊन असं की भिंतीला हात लावता येऊ नये. दोन्ही बाजूंना मागांचे कारखाने, सगळे बंद. दारं बंद, खिडक्या बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. गाव सुटल्याची बातमी इथवर आली नसेल असं होणार नाही, चार चौकांतला गलका इथे ऐकू येत होता. तरी एकही दार उघडलं नव्हतं. चौकातल्या लिंबाखाली दगडी पार होता, त्याच्याशेजारी आम्ही उभे राहिलो. साहेब, वकील, दोन शिपाई, सटवाजी आणि मी.

सटवाजीने हलगीवर काडी मारली. आवाज आला नाही, म्हणजे ओल्या पोत्यावर मारल्यावर येतो तेवढाच आला. त्याने पुन्हा मारली. मग कातड्यावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"तापून लाल झालीय, मालक," तो म्हणाला. "ही वाजायला पायजे."

मी म्हटलं, राहू दे, तोंडाने सांग. मी कागद धरला आणि नेहमीच्या हळू आवाजात पहिला तुकडा वाचला. "तमाम लोकांस कळविण्यात येतं की." सटवाजीने तो ओरडून सांगितला. त्याचा आवाज कोपऱ्यापर्यंतही गेला नसेल. मी दुसरा तुकडा वाचायला घेतला, तेव्हा पाराच्या समोरचं एक दार उघडलं.

लिंगय्याची आई मल्लव्वा बाहेर आली. साठीची बाई, पदर डोक्यावर, अनवाणी. ती उन्हातून चालत आली आणि पाराशी थांबली.

हुद्देदारांनी तिला नमस्कार केला आणि चांगली बातमी आहे म्हणून सांगायला लागले. तिने त्यांना हाताने थांबवलं.

"आमच्या पेठेत पहिलीच दवंडी पुरी न्हाई झाली की ओ," ती म्हणाली. "ती अर्ध्यात हाय. दुसरी कशी लावताव?"

वकिलांना घाई होती. एवढ्या खटपटीने जुळवलेलं एका म्हातारीपायी अडावं हे त्यांना परवडणारं नव्हतं. ते म्हणाले की मावशी, तुमच्या लिंगय्यासाठी मी भांडलो, कागदापुढे माझं काही चाललं नाही, पण बाकीचं गाव तरी सुटू द्या. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"रोज दोन आवाज येत्यात," ती सावकाश म्हणाली. "एक वरचा, एक खालचा. खालचा आधी बोलतो, वरचा त्याच्यामागून. वरचा येसबाचा, ते समद्या पेठेला ठाव हाय. खालचा कुणाचा ते कळत न्हवतं." तिने माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "आत्ता कळलं. तुमचा हाय."

मेलेल्या माणसाचा आवाज रेंगाळतो म्हणतात, ते मी एक वेळ सोसलं असतं. मी तर जिवंत होतो. रोज सातच्या सुमाराला मी घरी जेवणाच्या पाटावर बसलेला असायचो, बायको पानात वाढत असायची, आणि माझा आवाज इथे, या बंद पेठेत, येसबाला तुकडे सांगत उभा होता. एकोणपन्नास दिवस.

आता काय घडलं होतं ते सांगतो. इतका वेळ सांगितलं नाही, कारण तेव्हाही मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मार्शल लॉची दवंडी आम्ही दुपारी चारला सुरू केली होती. प्रत्येक चौकात गर्दी आणि रडारड, त्यात वेळ गेला. मागपेठेत पोचेपर्यंत सातला काहीच मिनिटं उरली होती. मी येसबाला म्हटलं, राहू दे, आता सात वाजतील, उद्या करू. तो हसला.

"दवंडीवाल्याला कसली दवंडी, मालक?" तो म्हणाला.

आमच्याकडे तसं धरतच. जो हुकूम ओरडतो त्याला तो हुकूम लागत नाही. रस्ता बंद असला तरी दवंडीवाला जातो, पटकीच्या दिवसांतही तो प्रत्येक गल्लीत हिंडतो. त्याच्या बापाला आणि आज्याला कुणी कधी अडवलं नव्हतं. मलाही ते पटलं. गोऱ्या शिपायाला आमची रीत कुठून कळणार, हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नाही. नाक्यावरच्या घड्याळाचे ठोके पडायला लागले तेव्हा येसबा "जो कोणी इसम" म्हणत होता. त्या शिपायाला दिसलं ते एवढंच, की सात वाजलेत आणि एक माणूस लोकांपुढे उभा राहून ओरडतोय. एकच गोळी. मी पाराच्या मागे जाऊन आडवा झालो. येसबा पडला तेव्हा त्याचं तोंड माझ्याकडे होतं आणि तो पुढच्या तुकड्याची वाट बघत होता. त्याला मी तो दिला नाही.

तामिलीचा कागद आठच्या आत साहेबांकडे जायचा होता. माझी नेमणूक तीन महिन्यांची, हंगामी. एका चौकात दवंडी झाली नाही असं लिहिलं असतं तर का झाली नाही, तुम्ही कुठे होता, हे सगळं निघालं असतं. शिपायांनी प्रेत कचेरीत आणून पडवीत ठेवलं होतं. शाईची डबी माझ्या खिशातच असायची. मी कागद गुडघ्यावर घेतला, पाचही नावं लिहिली, आणि येसबाचा अंगठा धरून दाबला. तो अजून ऊबदार होता. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

तर मी त्या उन्हात उभा होतो आणि हातात मार्शल लॉ उठवायचा कागद होता. चार तुकडे उरले होते. ते वाचले की गाव मोकळं, वटहुकूम चालू, आणि लिंगय्याची सात वर्षं दगडावर कोरल्यासारखी पक्की. कुणाला काही कळणार नव्हतं. हुद्देदार म्हणाले की बोकील, वाचा पुढे. मी वाचायला तोंड उघडलं आणि समोर मल्लव्वाच्या पायांकडे लक्ष गेलं. तिचे पाय पोळत होते. ती एक पाय दुसऱ्यावर ठेवून उभी होती, पण सावलीत सरकत नव्हती. मला स्वतःची इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नाही.

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. जुना हुकूम मला पाठ होता, माझंच भाषांतर होतं.

"रस्त्यावर दिसेल," मी म्हणालो. आवाज हळूच निघाला, सवयीने.

आणि कुणीतरी तो मोठ्याने सांगितला.

सटवाजीने नव्हे. सटवाजी पाराला टेकून बसला होता, आणि त्याने तोंडावर हात धरला होता. आवाज चौकाच्या मधोमध, जिथे कुणीच नव्हतं, तिथून आला. भरदार, थोडा घोगरा, शेवटचं अक्षर लांबवणारा. सात आठवड्यांपूर्वीपर्यंत मी तो रोज ऐकत होतो.

"त्यास गोळी घालण्यात येईल," मी म्हणालो. त्यास गोळी घालण्यात येईल, पेठेने ऐकलं.

"झेंडा लावणारास, जमाव करणारास सक्तमजुरी." तेही आलं. "हा हुकूम मेजर हॅलम यांच्या सहीने आजपासून लागू." मी एकही तुकडा गाळला नाही, आणि मागून येणाऱ्या आवाजानेही गाळला नाही.

मग तीन थापा पडल्या. सटवाजीची हलगी जमिनीवर पालथी होती. पुढे जन्मभर तो सांगत राहिला की मी हात लावला नाही, आणि मी त्याच्या बाजूने साक्ष देतो.

त्यानंतर पेठेतली दारं उघडली, एकामागून एक, रस्त्याच्या टोकापर्यंत. माणसं उंबऱ्यात उभी राहिली. मल्लव्वा पाराच्या सावलीत जाऊन बसली.

मेजर हॅलम पांढरे पडले होते. शिपायांनी बंदुका खांद्यावरून उतरवल्या होत्या, पण नेम कुणावर धरायचा ते त्यांना कळत नव्हतं. साहेबांनी मला विचारलं की तू आत्ता काय वाचलंस. ओरडलं कोण, हे विचारलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, घड्याळाचे ठोके, गोळी, पार, पडवी, अंगठा. इंग्रजीत सांगणं सोपं गेलं. ती भाषा माझ्या पोटातली नव्हती.

मग हुद्देदारांमधला वकील जागा झाला.

"साहेब, पाचवी दवंडी अजून व्हायची आहे," ते म्हणाले. "म्हणजे हरकतीची मुदत आहे. लिंगय्या बोद्दूलने झेंडा लावला तेव्हा या पेठेत तुमचा कायदा लागू नव्हता. माझी हरकत नोंदवून घ्या."

साहेब पाराच्या कडेला बसले. वही काढली. स्वतःचा मूळ हुकूम काढून दोनदा वाचला. त्यात लिहिलं होतं की प्रत्येक ठिकाणी दवंडी पुरी होईल तेव्हापासून अंमल. त्यांनी घड्याळ बघितलं आणि लिहिलं की मागपेठेत लष्करी कायदा आज दुपारी बारा वाजून बावीस मिनिटांनी लागू झाला. आरोपी बोद्दूल याची शिक्षा रद्द. खाली सही केली. हुद्देदारांनी मल्लव्वाला ते मराठीत सांगितलं. तिने दोन वेळा विचारून घेतलं, आणि मग पदराने तोंड झाकून ती हुंदके देऊ लागली. मीही रडलो, लपवून ठेवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

साहेबांनी वहीचं पान उलटलं आणि माझं पूर्ण नाव विचारलं.

हुद्देदार मध्ये पडले. आधी पाचवी दवंडी होऊ द्या, मग याचा खटला साध्या कोर्टात चालेल, अपील राहील, असं त्यांनी विनवलं. साहेब शांतपणे म्हणाले की लष्करी अधिकाऱ्याला खोटा कागद देणं हा लष्करी गुन्हा आहे, कबुली माझ्यापुढे झाली आहे आणि हा कायदा या ठिकाणी या क्षणी चालू आहे. माझ्या कागदावर विसंबून त्यांनी एका माणसाला सात वर्षांसाठी धाडलं होतं, ते त्यांना जिव्हारी लागलं होतं. त्यांना झटपट निकालाचा अधिकार होता. पाराच्या कडेवर, सगळ्या पेठेसमोर, त्यांनी तो वापरला. दोन वर्षं सक्तमजुरी. मला काही म्हणायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही.

शिपायांनी मला नाक्यावरच्या लॉरीत बसवलं. माझ्या खिशातला कागद हुद्देदारांनी मागून घेतला आणि येसबाच्या जागी सटवाजी, माझ्या जागी वकील, असे दोघे चौकात उभे राहिले. या वेळी हलगी पहिल्या काडीला वाजली. लॉरी वळली तेव्हा शेवटच्या थापा पडत होत्या, पावणेएकला.

लिंगय्या आठवड्याच्या आत घरी आला. पेठेत संध्याकाळी पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही. माझ्यासाठी हुद्देदारांनी मुंबईला तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं, की वटहुकुमाप्रमाणे लष्करी अंमलात झालेली प्रत्येक शिक्षा कायदेशीर धरलेली असून तिच्याविरुद्ध दाद नाही. मी दोन्ही वर्षं पुरी भोगली. सरकारी दप्तरात पाहिलंत तर मागपेठेत मार्शल लॉ तेवीस मिनिटं होता, आणि त्यात एकच माणूस सापडला.